गुडघ्याचा फोटो आणि गुडघ्याचं दुखणं : पुण्यातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

पुण्यातल्या सर्व अस्थिरोगतज्ज्ञांना आणि फॅमिली डॉक्टरांना,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत एक काकू माझ्याकडे आल्या. वय ६३. हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारा एक्स-रेचा मोठा लिफाफा. टेबलाचा आधार घेत त्या खुर्चीत टेकल्या, लिफाफा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "गॅप संपलाय. आता वाट्या बदलायच्या, नाहीतर असंच दिवस काढायचे." मी विचारलं, "काकू, दुखतं नक्की कुठे? कधी?" त्यांनी पुन्हा लिफाफ्याकडेच बोट दाखवलं. "त्या फोटोत आहे ना सगळं."

फोटोत सगळं नव्हतं. ते काय काय नव्हतं, हे तुम्हाला सांगावं म्हणून लिहिते आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. २३ वर्षं पुण्यातच काम करते, त्यातली बरीचशी पेठांमध्ये. माझ्याकडे येणारे गुडघ्याचे बहुतेक पेशंट तुमच्याकडूनच येतात. तुमच्या दवाखान्यात गर्दी असते, एकेकाला पाच-सात मिनिटं मिळतात. माझ्याकडे तोच माणूस पाऊण तास असतो आणि पुढे आठवडेच्या आठवडे येत राहतो. त्यामुळे त्या पाच मिनिटांत बोललेल्या वाक्याचं घरी गेल्यावर काय होतं, ते मला फार जवळून दिसतं. "झीज झाली आहे." "वंगण आटलंय." "हाडावर हाड घासतंय." "जिना टाळा, मांडी घालू नका, जपून राहा." पेशंटला चटकन कळावं म्हणूनच तुम्ही असं बोलता, हे मी जाणते. पण रिक्षातून घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो. गुडघा म्हणजे गाडीचा टायर, जितका वापराल तितका लवकर संपेल, असं डोक्यात बसतं. मग माणूस तो वापरायचंच सोडतो. तिथून पुढे जे सुरू होतं, ते मूळच्या दुखण्यापेक्षा वाईट असतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी ते मांडते, कारण हे पत्र पेशंटही वाचतील. ज्या कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराची, झीज होते, तिला वेदनेच्या नसा नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याच्या आतलं सुजलेलं अस्तर, भोवतालचं आवरण आणि स्नायूंचे ताणलेले टोकाचे भाग. साध्या एक्स-रेत यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यात दिसतं दोन हाडांमधलं अंतर आणि कडेला वाढलेली हाडाची टोकं. ज्या शून्य ते चार (चार म्हणजे सगळ्यात जास्त झीज) अशा श्रेणीवरून आपण 'ग्रेड थ्री', 'ग्रेड फोर' म्हणतो, ती केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडली, तीही या एक्स-रेतल्या खुणांवरूनच. २००८ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. गुडघा दुखणाऱ्यांपैकी किती जणांच्या एक्स-रेत झीज दिसते? वेगवेगळ्या अभ्यासांत १५ ते ७६ टक्के. आणि एक्स-रेत झीज असलेल्यांपैकी किती जणांना दुखतं? १५ ते ८१ टक्के. एवढी मोठी तफावत असताना एका फोटोवरून कुणाचं उरलेलं आयुष्य कसं जाणार हे सांगता येत नाही.

फोटोचा आणि दुखण्याचा काही संबंधच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. झीज फार असेल तर दुखणंही जास्त असण्याची शक्यता वाढते. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला असेल, तर आतल्या बाजूवर भार येऊन आजार पुढे सरकण्याचा धोका वाढतो. तरुणपणी खेळताना किंवा गाडीवरून पडून लिगामेंट तुटलेलं असेल, तर तो गुडघा लवकर कुरकुरतो. हे सगळं खरंच आहे. पण आज तुमच्यासमोर बसलेल्या बाईला जिना का चढवत नाही, याची बाकीची उत्तरं त्या लिफाफ्याबाहेर असतात.

काकूंचंच सांगते. मी त्यांना हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठायला आणि परत बसायला सांगितलं, अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. पहिल्यांदा त्या पुढे झुकल्या, थांबल्या, "आई गं" म्हणाल्या आणि उठल्या. दुसऱ्यांदा हात आपोआप मांड्यांवर गेले. बसताना शेवटच्या चार बोटं अंतरात त्या अक्षरशः आदळल्या. पाच वेळा झालं आणि वेळ संपली. त्यांच्या वयाच्या बाईला साधारण बारा वेळा तरी उठता यायला हवं. मग मी मांडीला हात लावून पाहिला. वाटीच्या वर, आतल्या बाजूला स्नायूचा जो उंचवटा असतो, तिथे खळगा होता. बोट आत जात होतं.

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा धक्का झेलणारा पहिला गडी. तो दुबळा असेल तर पायरी उतरताना सगळा भार थेट सांध्यावर येतो. सूज असेल तर शरीर स्वतःच त्या स्नायूला आवरतं, हवा तितका जोर लावू देत नाही. माणसाला वाटतं आपण आळस करतोय, आणि खरं तर मेंदूकडून येणारा हुकूमच कमी ताकदीचा असतो. त्यात "जपा" म्हटलं की उरलासुरला वापरही थांबतो. १९९७ मध्ये एका अभ्यासात असंही दिसलं, की गुडघा दुखत नसलेल्या, पण एक्स-रेत झीज असलेल्या लोकांचाही हा स्नायू कमजोर होता. म्हणजे दुखतं म्हणून स्नायू वाळतो, एवढीच ही गोष्ट नाही. तो आधीच दुबळा असणं हेही एक कारण असू शकतं. एवढ्या महत्त्वाच्या स्नायूला तुमच्या दवाखान्यात कुणी हातही लावत नाही, हे मला सलतं.

वजनाबद्दल तुम्ही सगळेच बोलता आणि बरोबरच बोलता. एक किलो वजन कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला साधारण चार किलोंनी कमी होतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या १९९२ च्या अभ्यासात स्त्रियांचं वजन दहा वर्षांत पाचेक किलोंनी उतरलं, तर गुडघ्याच्या दुखणाऱ्या संधिवाताची, म्हणजे याच झिजेच्या आजाराची, शक्यता निम्म्याहून कमी झालेली दिसली. पण काकू म्हणाल्या ते ऐका : "वजन कमी करा, वजन कमी करा, सगळे सांगतात. कसं करायचं ते कुणी सांगत नाही, आणि चालू नका असंही तेच सांगतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाच चिठ्ठीवर दोन उलट सूचना असतील तर माणूस सोपी असेल ती पाळतो.

मग मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला, जो फाइलमधल्या कुठल्याच कागदावर नव्हता. झोप लागते का?

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. काका जाऊन चौदा महिने झाले होते. रात्री दोनला जाग येते, ती येतेच. मग गुडघा ठणकतो, मग तो दाबत बसायचं, मग पहाटे डोळा लागतो. सकाळी अंग जड. कमी झोप, मनाची उदासी, "आता हे वाढतच जाणार" ही धास्ती, यांचा गुडघ्याच्या दुखण्याशी आणि चालण्या-फिरण्याशी संबंध जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. मज्जासंस्था थकलेली असली की तोच ठणका मोठा होऊन पोचतो, रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा तसा. काही जणांचा तर गुडघ्याभोवतीचा भाग, पोटरी, मांडी, सगळंच हळवं होऊन बसतं. हे पेशंटला सांगताना फार जपावं लागतं. "मनाचं आहे" असं तोंडातून निघालं की त्यांना वाटतं आपल्याला खोटं ठरवलं. दुखणं शंभर टक्के खरं असतं. फक्त त्याला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी गुडघ्यापासून लांब असतात.

आता माझ्या घरातलं सांगते.

माझी आई पर्वतीला जायची. रोज पहाटे, शंभरेक पायऱ्या, वर देवदर्शन, खाली येऊन मैत्रिणींबरोबर घटकाभर गप्पा. ६१ व्या वर्षी उजवा गुडघा दुखायला लागला. एका डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, पर्वती बंद, जिना कमीत कमी, खाली बसायचं नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. मी तेव्हा नुकतीच पास झाले होते. आईला पटत नव्हतं, ती म्हणायची, "चढताना तेवढं दुखत नाही गं, उलट मोकळं वाटतं." मीच तिला बजावलं, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना." आधी पर्वती सुटली. मग मंडई सुटली, भाजी खालून वर यायला लागली. भजनी मंडळात सगळ्या सतरंजीवर बसतात, आपणच एकटं खुर्चीत कसं बसायचं म्हणून गुरुवारचं भजन सुटलं. हळदीकुंकवाला बायका वर येऊन तिला कुंकू लावून जायच्या. दोन वर्षांत ती भिंतीला हात लावून चालायला लागली. त्या दोन वर्षांत पुन्हा काढलेला फोटो आधीच्याच फोटोसारखा होता. गुडघा होता तिथेच होता, आई मात्र फार खचली होती. तेव्हा मी तिला हात धरून जिन्याने खाली-वर नेलं असतं, तर तिची पुढची दहा वर्षं वेगळी गेली असती. हे मी आता जाणते, आणि त्याची खंत मला रोज असते. म्हणूनच "जपा" हा शब्द माझ्या कानाला इतका टोचतो.

आपल्या गावचाच पुरावा हवा असेल तर तोही आहे. भारतातल्या पाच ठिकाणी गुडघ्याच्या संधिवाताची मोठी पाहणी झाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात पुणे होतं. एकूण प्रमाण २८.७ टक्के निघालं. स्त्रियांमध्ये जास्त, वय आणि वजनाबरोबर वाढणारं, आणि बैठ्या कामाशी जोडलेलं. बैठं काम. जिने चढणाऱ्यांचे गुडघे आधी जातात, ही आपल्याकडची समजूत इथे टिकत नाही. हौसेने धावणाऱ्यांमध्येही हा आजार बसून राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळतो, असं २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वर्षानुवर्षं रोज तासन् तास उकिडवं बसण्याचा संबंध गुडघ्याच्या झिजेशी चिनी लोकांच्या पाहणीत दिसला आहे. त्यामुळे दुखत असताना भारतीय पद्धतीच्या संडासाऐवजी कमोड वापरा, हा तुमचा सल्ला मी मोडत नाही. कमोडमुळे किती जणींची अब्रू वाचली आहे, ते मी पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच, की हा सल्ला तेवढ्यापुरता द्या. तो सगळ्या हालचालींवर पसरवू नका.

दरवर्षी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा मी नाना पेठेजवळच्या एका सेवा शिबिरात बसते. वारकऱ्यांचे पाय चेपायचे, पट्ट्या बांधायच्या, एवढंच काम. एका वर्षी परभणीकडच्या एक आजी आल्या. दोन्ही पाय कंसासारखे बाहेर वाकलेले. गुडघा हलवला की कडकड आवाज माझ्या तळहाताला जाणवत होता. फोटो काढला असता तर आपण सगळ्यांनी 'ग्रेड फोर' म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांना दिवे घाट चढायचा होता. मी विचारलं, दुखत नाही का? "चालताना काय बी वाटत न्हाई माय. बसलं की धरतंय." त्यांना दुखत नव्हतं असं नाही. त्यांना चालण्याची भीती कुणी घातलेली नव्हती, सोबत दिंडी होती, आणि त्या वर्षभर शेतात राबत होत्या. काकूंच्या फोटोतला गुडघा आजींच्या गुडघ्यापेक्षा कितीतरी बरा होता, आणि काकू खालच्या मेडिकलच्या दुकानापर्यंतही जात नव्हत्या.

एक तक्रारही करते, मनापासून. माझ्याकडे असे पेशंट येतात ज्यांनी गुडघ्यात दोन-तीनदा रक्ताची इंजेक्शनं घेतलेली असतात. स्वतःचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला भाग परत आत. निवृत्तीच्या पैशातून मोठी रक्कम गेलेली असते, आणि मांडीला मात्र एकदाही व्यायाम मिळालेला नसतो. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात या इंजेक्शनची तुलना मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी केली गेली. वर्षभरानंतर दुखण्यात आणि कूर्चेत फरक पडला नाही. २००२ मध्ये दुर्बिणीने गुडघा धुण्याच्या ऑपरेशनचंही असंच झालं होतं. नुसती कातडीवर चीर दिलेल्यांनाही तेवढाच आराम पडला. हे तुम्हीच आम्हाला शिकवता. मग घाबरलेल्या माणसासमोर आधी इंजेक्शनच का येतं?

ऑपरेशनच्या मी विरोधात नाही, हे स्वच्छ लिहिते. सांधा बदलणं ही फार चांगली शस्त्रक्रिया आहे. रात्र-रात्र झोप नाही, तीन-चार महिने नीट व्यायाम करूनही घरातल्या घरात चालता येत नाही, अशांना ती नवं आयुष्य देते. डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये शंभर जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांचा सांधा बदलला आणि सोबत व्यायाम दिला, निम्म्यांना ऑपरेशनशिवाय व्यायाम, वजन कमी करायला मदत आणि शिकवण. सांधा बदललेल्यांना आराम जास्त पडला, गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त झाले. पण दुसऱ्या गटातल्या चौघांपैकी साधारण तिघांना वर्षभरात ऑपरेशनची गरज भासली नाही. ती निवड करण्याची संधी पेशंटला मिळायला हवी. आणि ऑपरेशन ठरलंच, तरी मांडीत बळ असलेला माणूस लवकर उभा राहतो.

तर माझी विनंती. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाचा गुडघा चालल्यावर दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जात असेल, तर निदानाला एक्स-रे लागतच नाही, असं इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत लिहिलंय. गुडघा लाल, गरम, ताप आहे, पडल्यावर लगेच सुजला, मध्येच अडकून बसतो, अशा वेळी तपासण्या जरूर करा. बाकीच्यांचा फोटो काढलाच, तर तो दाखवताना "वयाप्रमाणे बदल आहेत, केसात पांढरं येतं तसे, हा गुडघा वापरण्यानेच सुधारेल" एवढं तरी म्हणा. तुमच्या तोंडून निघालेल्या शब्दाचं वजन माझ्या पाऊण तासाला येत नाही. खुर्चीतून पाच वेळा उठायला लावा, तीस सेकंद लागतात. झोप विचारा. "दुखण्यामुळे काय करायचं सोडलंत?" हा एक प्रश्न विचारा, उत्तरात सगळा आजार सापडेल.

आणि व्यायाम चिठ्ठीवर लिहा, गोळी लिहिता तसा. "व्यायाम करा" असं मोघम नको. खुर्चीतून उठ-बस दहा वेळा, दिवसातून दोनदा. पाय सरळ करून मांडी आवळणे, दहा वेळा. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालणं, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीसारखं झालं तर चालू ठेवायचं, जास्त राहिलं तर एक पायरी खाली यायचं. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ते माहीत नसेल तर पहिल्या दुखण्यालाच माणूस थांबतो.

काकूंना मी एवढंच दिलं. त्या सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा ठेवून उठायच्या, महिन्याने एक उशी काढली, मग दुसरी. रोज संध्याकाळी शेजारच्या ताईंबरोबर सोसायटीच्या आवारात फेऱ्या, कारण एकटीने फिरायला त्यांना नको वाटत होतं. झोपेसाठी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांशी बोलले, त्यांनी फार आस्थेने लक्ष घातलं. एप्रिलअखेर त्या अर्ध्या मिनिटात अकरा वेळा उठल्या. जिना उतरताना अजून दुखतं, कठड्याला हात लागतो. गुरुवारी भजनाला जातात, खुर्ची घेऊन. आता त्या मंडळात पाच खुर्च्या आहेत.

माझा दवाखाना लहान आहे, पण दारं उघडी आहेत. तुमच्यापैकी कुणालाही एका सकाळी येऊन बसावंसं वाटलं तर जरूर या. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते बारा गुडघ्याचेच पेशंट असतात. तुमच्याकडून आलेले लोक उठ-बस करताना दिसतील, त्यांच्याशी बोला. तुम्ही येऊन बसलात तर त्यांना फार बरं वाटेल.

कळावे,
आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, पुणे